आई-बाबा दीड वर्षासाठी घानाला मिशनवर निघालेत, त्यांचा दिवस कसा जाईल?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. आई ६४ वर्षांच्या, बाबा ६७ वर्षांचे. दोघं यूटामध्ये राहतात, काही वर्षांपूर्वी मॉर्मन चर्च या अमेरिकेतल्या ख्रिस्ती पंथाचे सदस्य झाले आणि येत्या ऑगस्टमध्ये दीड वर्षासाठी घानातल्या अक्राला मिशनवर, म्हणजे चर्चच्या सेवाकार्यासाठी, निघालेत. बाबांकडे तिथल्या मिशन कार्यालयात घरांच्या व्यवस्थेचं काम येणार आहे. तुम्ही स्वतः चर्चमध्ये नाही, न्यू जर्सीत राहता आणि नोव्हेंबरात तुमचं पहिलं बाळंतपण आहे. ते दिवसभर करणार काय, उन्हातान्हात दारोदार फिरणार का, आजारी पडले तर कोण बघणार, बाळंतपणाला येऊ शकतील का आणि सोबत काय द्यावं, असं तुम्ही विचारलंय.

मी उत्तर लिहायला बसले कारण आम्ही दोघं २०१७ च्या सुरुवातीपासून अठरा महिने अक्रातच होतो. आम्ही मूळचे सांगलीचे, तीस वर्षांहून जास्त काळ यूटात. मी निवृत्त नर्स, हे निवृत्त सिव्हिल इंजिनिअर. ह्यांच्याकडे घरांचं काम होतं, माझ्याकडे मिशनऱ्यांच्या तब्येतीचं.

तुम्ही वेळापत्रक विचारलंय, पण प्रश्न वाचताना मला त्यातली भीती जास्त जाणवली: या वयात, परक्या देशात, दोघंच, त्यांना झेपेल का? त्यामुळे दिवसाचा तपशील सांगेनच, पण कशानं झेपतं आणि कशानं झेपेनासं होतं, तेही सांगते.

यातलं बरंच परिस्थितीवर अवलंबून असतं. ज्येष्ठ जोडप्यांना मिळणारी कामं फार वेगवेगळी असतात. कुणी कार्यालयात हिशेब बघतं, कुणी चर्चच्या मंदिरात सेवा करतं, कुणी जुन्या नोंदींची छायाचित्रं काढतं, कुणी विहिरी आणि व्हीलचेअरच्या मदतकार्यात असतं, कुणी आडगावच्या छोट्या मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चच्या सदस्यांच्या गटाला, आधार द्यायला जातं. शहर, त्या भागातल्या मिशनचं काम बघणाऱ्या मिशन अध्यक्षांचा स्वभाव आणि तुमच्या आई-बाबांची प्रकृती यांनीही फरक पडतो. मी सांगते ते अक्रातलं आणि कार्यालयातलं.

आधी दारोदार फिरण्याचं. ज्येष्ठांना ते करावं लागत नाही. तुम्ही पाहिलेली, काळी नावपट्टी लावून जोडीनं फिरणारी मुलं तरुण मिशनरी असतात. त्यांचा दिवस सकाळी साडेसहाला सुरू होऊन रात्री साडेदहाला संपतो आणि मधला तास न् तास आखलेला असतो. ज्येष्ठ जोडप्यांना ते वेळापत्रक नसतं. कुणी श्रद्धेबद्दल विचारलं तर ते मनापासून बोलतात, आम्हीही बोललो. पण आमचे हात दिवसभर किल्ल्या, पावत्या, थर्मामीटर आणि पाण्याचे फिल्टर यांतच असायचे.

घानाच्या बाबतीत एक गोष्ट तुमच्या आई-बाबांना माहीत असेल, तुम्हालाही माहीत असावी. १९७८ च्या शेवटी या चर्चचे पहिले मिशनरी नायजेरिया आणि घानात पोचले, ती दोन वयस्क अमेरिकन जोडपी होती, मेबी आणि कॅनन. त्याआधी चौदा वर्षं जोसेफ विल्यम बिली जॉन्सन नावाचे घानाचे गृहस्थ स्वतःच्या बळावर मंडळ्या जमवत होते. कृष्णवर्णीयांना पौरोहित्य देण्यावरची बंदी त्याच वर्षी जूनमध्ये उठली होती, आणि हे लोक तोवर वाट बघत थांबले होते. पुढे जून १९८९ ते नोव्हेंबर १९९० अशी दीड वर्षं घाना सरकारनं चर्चचं काम बंद ठेवलं, तेव्हाही स्थानिक सदस्य घराघरांत उपासना करत राहिले. म्हणजे तुमचे आई-बाबा कुणाला तरी सुधारायला चाललेले नाहीत. तिथली माणसं श्रद्धेत त्यांच्यापेक्षा जुनी आणि मुरलेली आहेत. हे ध्यानात ठेवून जाणारं जोडपं तिथं लवकर रुळतं, हे मी पाहिलंय.

आता आमचा दिवस. साडेपाचला उठायचं, कारण पाण्याची टाकी भरली आहे का ते आधी बघावं लागे. नळाचं पाणी प्यायचं नाही, फिल्टरचंच. भाज्या आणि फळं जंतुनाशक घातलेल्या पाण्यात भिजवून मग धुवायची. नाश्त्याला मी बरेचदा गारीचा उपमा करायची. गारी म्हणजे कसाव्याचा भाजलेला रवा. आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोच हा कंद, त्यामुळे चव जिभेला फारशी परकी वाटली नाही. चहा आम्ही बाप्तिस्म्याच्या वेळीच सोडला होता, कारण आमच्या चर्चमध्ये चहा, कॉफी, दारू, तंबाखू वर्ज्य. पण घाना कोकोचा देश आहे. सकाळी गरम कोको किंवा मायलो तिथं घरोघरी पितात, आम्हीही पिऊ लागलो. मग दोघं मिळून अर्धा तास शास्त्रवाचन आणि प्रार्थना. आठला कार्यालयात.

माझा फोन सकाळी सातपासूनच वाजायचा. "सिस्टर, माझ्या कंपॅनियनला रात्रीपासून ताप आहे." तरुण मिशनरी कायम जोडीनं राहतात, त्या जोडीदाराला कंपॅनियन म्हणतात. तिथं तापाचा नियम एकच: थांबून बघायचं नाही, त्याच दिवशी मलेरियाची चाचणी. मुलं टाळाटाळ करतात. प्रतिबंधक गोळ्या संपलेल्या असतात, मच्छरदाणी गादीखाली दुमडून ठेवलेली असते, आणि वीस वर्षांच्या मुलाला आपल्याला काही होईल असं वाटतच नाही. नायजेरिया, सिएरा लिओन, लायबेरिया, अमेरिका, कुठकुठली मुलं असायची. मी त्यांना ओरडायची, गोळ्या मोजायला लावायची, आणि चाचणी होईपर्यंत दवाखान्यात शेजारी बसून राहायची.

बाबांचं काम कसं असेल ते ह्यांच्या कामावरून सांगते. मिशनऱ्यांची घरं शोधायची, भाडेकरार करायचे, दुरुस्त्या करून घ्यायच्या. घानात घरमालक वर्षाचं, कधी दोन वर्षांचं भाडं एकदम आगाऊ मागतात. १९६३ च्या तिथल्या भाडेकायद्यात सहा महिन्यांची मर्यादा आहे, तरी व्यवहारात हेच चालतं. त्यामुळे घर नीट पारखूनच घ्यावं लागतं, एकदा पैसे दिले की अडकलात. हे प्रत्येक घरात जाऊन खिडक्यांच्या जाळ्या, गॅसचं सिलिंडर, धूर ओळखणारं यंत्र, विजेच्या तारा आणि फिल्टरच्या कांड्या तपासायचे. दर सहा आठवड्यांनी मिशनऱ्यांच्या बदल्या होतात, तो आठवडा गाद्या, किल्ल्या आणि पंखे यांत जायचा. चाळीस वर्षं पूल बांधलेल्या माणसानं सिंकखालचा पाइप बदलायला जमिनीवर आडवं व्हावं, याचं आमच्या मुलाला वाईट वाटलं होतं. ह्यांना वाटलं नाही. पाइप बदलून झाला की ती चार मुलं ह्यांच्याभोवती बसायची आणि घरच्या गोष्टी सांगायची. त्या वेळी तरुण मिशनऱ्यांना वर्षातून दोनदाच घरी फोन करता यायचा, नाताळला आणि मातृदिनाला. २०१९ पासून दर आठवड्याला करता येतो. पण आमच्या वेळच्या त्या मिशनरी मुलांना बोलायला मोठं माणूस हवं असायचं आणि ते आम्ही होतो.

संध्याकाळी साडेपाचच्या आत घरी, हा आमचा नियम. अक्रा विषुववृत्तापासून जवळ, त्यामुळे बाराही महिने सहाच्या सुमारास अंधार पडतो, आणि अंधारात तिथले रस्ते या वयाच्या डोळ्यांसाठी नाहीत. खड्डे, दिवे नसलेली वाहनं, मध्येच थांबणारे ट्रोट्रो, म्हणजे तिथल्या वडाप गाड्या. बाबांना हे आत्ताच सांगून ठेवा. वीज जाते. तिथले लोक त्याला 'डुमसोर' म्हणतात, ट्वी भाषेतल्या 'बंद' आणि 'चालू' या दोन शब्दांची जोडी. सांगलीत लोडशेडिंग काढलेल्या माणसाला ते नवं नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी सहारातून हरमटान नावाचा कोरडा धुळीचा वारा येतो. ओठ फुटतात, दम्याच्या माणसाला त्रास होतो. आईंना दमा असेल तर इनहेलर जास्तीचे द्या.

रविवारी चर्च दोन तासांचं. आमच्या वेळी तीन तासांचं होतं. गुरुवारी संध्याकाळी आम्ही मंदिरात जायचो. तिथलं मंदिर ११ जानेवारी २००४ ला समर्पित झालं, आणि त्याच्या बागेत लग्नाच्या कपड्यांत फोटो काढणारी जोडपी बघायला मला फार आवडायचं.

आणखी एक. घानात डाव्या हातानं काही देत-घेत नाहीत, मोठ्यांना आधी नमस्कार करून मगच कामाचं बोलतात, आणि केस पांढरे असले की अनोळखी माणूससुद्धा 'मम्मी' किंवा 'डॅडी' म्हणून उठून जागा देतो. आमच्या सोबतच्या अमेरिकन जोडप्याला जे शिकावं लागलं, ते आपण घरून शिकून गेलेलो असतो. तुमच्या आई-बाबांना तिथं म्हातारं असण्याचा मान मिळेल. यूटात मला तो इतका कधी जाणवला नव्हता.

आता जे झेपत नाही ते. पहिली गोष्ट म्हणजे चोवीस तास एकत्र असणं. आमच्या लग्नाला तेव्हा चाळीस वर्षं झाली होती, पण त्यातली पस्तीस वर्षं आम्ही दिवसातले आठ-दहा तास आपापल्या कामावर होतो. अक्रात घर एक, कार्यालय एक, गाडी एक. दुसऱ्याच महिन्यात आम्ही गाडीत इतकं भांडलो की मी घरी येऊन रडले. कारण क्षुल्लक होतं, हे चालवत होते आणि मी वळणं सांगत होते. मग आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. जो चालवतोय त्याला शेजारच्यानं विचारल्याशिवाय काही सांगायचं नाही. आणि रोज जेवणानंतर एक तास दोघांचा वेगळा. मी गच्चीवर, हे आत वाचत. हा तास आम्ही शेवटपर्यंत पाळला. मिशनवरच्या जोडप्यांना मी सल्ला देते तेव्हा सगळ्यात आधी हेच सांगते. तुमच्या आईंनाही सांगा.

दुसरी गोष्ट विश्रांतीची, आणि इथं चूक आमचीच होती. शनिवार आमचा सुट्टीचा, बाजारहाटाचा दिवस. पण बदल्यांच्या धांदलीत आम्ही सलग पाच शनिवार काम केलं. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी हे एका घराच्या जिन्यात चक्कर येऊन पडले. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं, वर घाम, आणि रक्तातलं सोडियम उतरलेलं. मी नर्स असून माझ्या लक्षात आलं नाही. दोन दिवस रुग्णालयात होते, तिथल्या डॉक्टरांनी उत्तम काळजी घेतली. त्यानंतर शनिवारी आमचा फोन दुसऱ्या जोडप्याकडे असायचा आणि त्यांच्या सुट्टीला त्यांचा आमच्याकडे. शनिवारी आम्ही कधी माकोला बाजारात जायचो, कधी अबुरीच्या टेकडीवर, १८९० साली उभारलेल्या वनस्पती उद्यानात. तिथली हवा अक्रापेक्षा गार. निघण्यापूर्वी बाबांच्या सगळ्या गोळ्या घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि एकच विचारा: उष्ण दमट हवेत यातलं काय बदलायला हवं?

'आजारी पडले तर' याचा दुसरा भाग पैशांचा. ज्येष्ठ जोडपी स्वतःच्या खर्चानं जातात. २०११ मध्ये चर्चनं राहत्या जागेच्या खर्चाला महिना १४०० डॉलरची मर्यादा घातली, त्यावरचा भार चर्च उचलतं. आजचा आकडा त्यांना चर्चकडून आलेल्या बोलावणीपत्रासोबतच्या कागदांत असेल, तोच धरा. मेडिकेअर, म्हणजे अमेरिकेतला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, अमेरिकेबाहेर जवळजवळ चालत नाही, त्यामुळे परदेशी चालणारा विमा हवाच, आणि आजारी माणसाला दुसऱ्या देशात हलवण्याचा खर्च त्यात आहे का ते शब्दन् शब्द वाचा. अनेक जण मेडिकेअरचा 'पार्ट बी', म्हणजे डॉक्टरांच्या खर्चाचा भाग, पैसे वाचवायला बंद करून जातात. नीट चौकशी केल्याशिवाय तसं करू देऊ नका. एरवी दर बारा महिन्यांच्या खंडामागे हप्त्यावर दहा टक्के दंड बसतो आणि तो पुढे सुटत नाही; परदेशात किमान वर्षभराच्या सेवेला गेलेल्या स्वयंसेवकांना, त्या काळात दुसरा आरोग्य विमा असेल तर, यातून सूट मिळू शकते, पण ती आपल्याला लागू होते का ते जाण्याआधीच विचारून घ्या. मुखत्यारपत्र तुमच्या किंवा भावंडाच्या नावे, बँकेत एक जोड नाव, आणि पीतज्वराच्या लसीचा पिवळा दाखला पासपोर्टमध्येच. त्या दाखल्याशिवाय घानात प्रवेश नाही.

बाळंतपणाचं आता. मिशन अध्यक्षांच्या परवानगीनं, स्वखर्चानं, थोड्या दिवसांसाठी घरी येता येतं. म्हणजे मार्ग आहे. पण तुमची तारीख त्यांच्या मिशनच्या पहिल्या काही महिन्यांतच येतेय, म्हणून हे जाण्याआधीच बोलून घ्यायला हवं. नोव्हेंबरात फोनवर ठरवायला गेलात तर आईंचा जीव दोन्हीकडे ओढला जाईल. त्यांनी बोलावणं मागेपुढे करून घेण्याचाही विचार करावा. निघायची तारीख काही महिने पुढे नेता येईल का, हे विचारण्यात काही गैर नाही, आणि मी तुमच्या जागी असते तर विचारलं असतं.

हे मी का सांगतेय ते लिहिते. आमच्या तेराव्या महिन्यात माझी आई सांगलीत गेली. ब्याण्णव वर्षांची होती. जायची परवानगी लगेच मिळाली, पण विमानं बदलत पोचेपर्यंत सगळं उरकलं असतं, आणि निघताना आईनंच मला बजावलं होतं की माझ्यासाठी धावत येऊ नकोस. मी गेले नाही. त्या निर्णयाचं ओझं मला आजही आहे, आणि तो चुकला असं मी म्हणत नाही. घानात माणूस गेल्यावर आठवड्यानं 'वन वीक' असतो, नातेवाईक आणि ओळखीचे जमतात. मी कुणाला बोलावलं नव्हतं. सातव्या दिवशी संध्याकाळी आमच्या मंडळीतल्या अकरा बायका काळे आणि लाल कपडे घालून आमच्या दारात आल्या. सोबत खुर्च्यासुद्धा आणल्या होत्या. त्यांनी आईचं नाव विचारलं, ती कोणत्या वारी जन्मली ते विचारलं, कारण तिथं वारावरून नाव पडतं. शुक्रवारी जन्मलेली, म्हटल्यावर त्या तिला 'अफुआ' म्हणाल्या आणि रात्री आठपर्यंत ट्वीमध्ये स्तोत्रं गात बसल्या. मी त्यांना शेंगदाण्याची चटणी आणि भात वाढला. मी नर्स म्हणून त्यांच्या मुलांसाठी जे केलं असेल नसेल, त्याहून त्या संध्याकाळी त्यांनी मला जास्त दिलं.

म्हणून बाळंतपणाला तुमच्या आई येऊ शकल्या नाहीत तर तो बाळापेक्षा मिशन मोठं असल्याचा कौल समजू नका. आणि फोनची वेळ आत्ताच ठरवा. अक्रा उन्हाळ्यात तुमच्या चार तास पुढे, हिवाळ्यात पाच. तुमची रविवारची दुपारची एक ही त्यांची संध्याकाळची पाच किंवा सहा, जेवणाआधीची निवांत वेळ. तरुणांसारखं त्यांच्यावर फोनचं बंधन नाही, रोज बोलू शकतात, पण आठवड्याचा एक फोन कितीही काम असलं तरी चुकवायचा नाही असा ठरलेला असू द्या.

शेवटी, काय द्यावं. तूरडाळ, हिंग, मोहरी, तांदूळ हे काहीच देऊ नका, अक्रातल्या भारतीय दुकानांत मिळतं. कपडे सुती आणि कमी. विजेची उपकरणं अमेरिकेतली नेऊ नका, तिथं २३० व्होल्ट आणि ब्रिटिश पद्धतीची तीन चौकोनी पिनांची जोडणी असते. टॉर्च डोक्याला बांधायचा, दोन. बाबांना वाचायच्या चष्म्याची जादा जोडी, कारण धुळीनं काचा खराब होतात. आणि आई घरून प्रेशर कुकर नेणार असतील तर त्याच मापाच्या तीन रबरी रिंगा आणि दोन सेफ्टी व्हॉल्व्ह वेगळ्या पुडीत घाला. आमची रिंग चौथ्या महिन्यात गेली, आणि यूटाहून येणाऱ्या एका जोडप्यानं ती आणेपर्यंत मी सात आठवडे डाळ पातेल्यात शिजवली.